चटका न बसणारं घराणं

४ फेब्रुवारी

दादास,

वर नमस्कार लिहिलेला नाही, शोधत बसू नकोस.

पत्र हातात धरायची भीती वाटत असेल तर सांगते. वस्तीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी लोखंडी पेटीत घालून तासभर तापवतात. कडा तांबूस दिसतील त्या त्यामुळेच. तुझ्या बेकरीतल्या कुठल्याही पावापेक्षा हा कागद जास्त भाजलेला आहे, तेव्हा खुशाल वाच. वहिनीला हवं तर चिमट्याने धरू दे, तेवढंच तिचं समाधान.

पहिल्या वर्षी मी तुला सहा पत्रं पाठवली, सहाही न फोडता परत आली. त्यानंतर आठ वर्षं मी गप्प बसले, आणि आणखी आठ बसले असते. पण आमच्याकडे औषधाच्या बाटल्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून येतात. परवा पट्ट्या बांधायच्या खोलीत एका बाटलीभोवती तू होतास.

बेकरीला पन्नास वर्षं झाली म्हणून अर्धं पान! मथळा काय, तर ‘चटका न बसणारं घराणं’. अप्पा भट्टीतून पावांनी भरलेला तापलेला पत्रा उघड्या हातांनी काढायचे, तसाच तू काढतोस, आणि आता तुझी अकरा वर्षांची ‘कन्या’सुद्धा काढते. फोटोत ती पत्रा धरून उभी आहे, हातात फडकं नाही की मोजे नाहीत. तू मागे छाती फुगवून. शेवटी एका ओळीत मी. ‘मालकांची एकुलती बहीण तरुणपणीच विषमज्वराने वारली.’ विषमज्वर! चारचौघांत सांगण्यासारखा आजार शोधायला बराच विचार केला असशील.

मला मारलंस ते मारलंस. पण ‘कन्या’ कुणाची रे? तिचा बाप ती जन्मायच्या आधीच पायाला पाय लावून पळाला. तिला मी वाढवलं, दोन वर्षांची होईपर्यंत. मग मला इथे आणलं आणि तू माझी गुंडी स्वतःच्या नावावर करून टाकलीस. हेही मी गिळलं असतं, कारण मुलगी जेवूनखाऊन सुखात असेल असं वाटत होतं. पण त्या फोटोतले तिचे हात बघितले आणि पट्टी बांधणाऱ्या बाईने मला खुर्चीत बसवलं.

आता नीट वाच. मी इथे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे बांधले आणि हातांना एकदा गरम, एकदा गार पाण्याची नळी लावली. कोणती कोणती ते मला सांगता येईना. मी आपली ताठ मानेने म्हणाले, “आमच्या घरात कुणालाच चटका बसत नाही.” त्यांनी लेखणी खाली ठेवली.

“कुणालाच म्हणजे कुणाकुणाला?” त्यांनी विचारलं.

मी कौतुकाने यादी दिली. अप्पा, मी, दादा. मग त्यांनी मला समजावलं की या रोगात सगळ्यात आधी कातडीची जाणीव जाते. दुखत नाही, भाजत नाही, टोचत नाही. अप्पांच्या तळपायाची जखम आठव. अकरा वर्षं भरली नाही आणि आपण चांभाराला शिव्या घालत राहिलो. त्यांची करंगळी वाकली तेव्हा सगळे म्हणाले, कणीक मळून मळून वाकली. पन्नास वर्षं ज्याची आपण शेखी मिरवली तो महारोग होता, दादा. दुकानाच्या पाटीवर तेवढा लिहायचा राहिला.

गुंडीला डॉक्टरकडे ने. माझ्या वेळी औषध नव्हतं, आता गोळ्या आहेत. लवकर सापडलं तर बोटं, डोळे, चेहरा सगळं वाचतं, घरी राहून. उशीर केलास तर काय होतं ते बघायला इथे ये, मी फिरवून दाखवते.

तुझी,
विषमज्वराने वारलेली बहीण

१ मार्च

दादास,

तुझं साडेतीन ओळींचं उत्तर पोचलं. चौथी ओळ तू लिहायला घेऊन खोडलीस. खोडलेलं उजेडासमोर धरलं की वाचता येतं. ‘तू बरी’ एवढंच आहे. मी बरी आहे का हे विचारणार होतास बहुतेक, पण धीर झाला नाही. तुझ्या धैर्याची लांबी मला माहीत आहे, अर्ध्या ओळीच्या पुढे ती कधीच जात नाही.

बाकीच्या ओळींत तू म्हणतोस की पोस्टमन चौकशा करतो, सबब लिहू नये. मुलगी ठणठणीत आहे. तिचा हात हा सवयीचा आणि रक्ताचा गुण आहे. आणि मला आता दुसऱ्यांचं चांगलं बघवत नाही.

रक्ताचा गुण! वा! नऊ वर्षांपूर्वी माझ्या गालावर चट्टा दिसला तेव्हा हेच रक्त तुला आठवलं नाही. तेव्हा मी एकदम परक्या घरची झाले. आरोग्य खात्याचे निरीक्षक आले त्या दिवशी दुकानात गर्दी होती. तू दुकानात उघडणाऱ्या पुढच्या दाराला आतून कडी लावलीस आणि मला मागच्या दाराने काढलंस, पिठाची पोती येतात त्या दाराने. मला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाने चुगली केली असेल. गाडीत निरीक्षकाच्या मांडीवर तक्रारीचा कागद होता, त्यावर तुझं अक्षर, ओळीगणिक वर चढत जाणारं. तीन तासांच्या रस्त्यात मला दुसरं काही बघायला नव्हतं, कारण गाडीला खिडकीच नव्हती.

तर चुगली कशी करायची हे तुला कुणी शिकवायला नको. आता तेच धैर्य चांगल्या कामाला लाव आणि मुलीला दाखवून आण.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लपवली. वाटलं होतं, तुझ्यासमोर कबूल करायची वेळ येऊ नये. मी अप्पांवर आणि तुझ्यावर खापर फोडून मोकळी झाले, पण गुंडीला कडेवर घेऊन गिऱ्हाइकांसमोर एका हाताने गरम पत्रा मीच उचलून दाखवत होते. लोक टाळ्या वाजवायचे. ती माझ्या तोंडाकडे बघायची, बघून बघून हसायची. तिला हे वेड मीच लावलं असेल. तेव्हा मी तुझ्यापेक्षा फार शहाणी होते असं समजू नकोस, मी फक्त लवकर पकडले गेले.

उत्तर दे. या वेळी निदान चार ओळी.

२६ मार्च

वहिनी,

दादा मिठाची गुळणी धरून बसला आहे, म्हणून तुला लिहिते. तुला लिहिणं मला किती जड जातंय ते तुला कळेलच. मला नेल्यावर तू माझी गादी, माझ्या साड्या, गुंडीची लाकडी बाहुलीसुद्धा अंगणात जाळलीस आणि तीन दिवस पायऱ्या घासत होतीस. हे मला पिठाच्या गिरणीवाल्याने सांगितलं, तो स्वतःच पुढच्या वर्षी इथे आला. म्हणजे बघ, तू पायऱ्या घासत होतीस तेव्हा पीठ कोण आणून टाकत होतं.

घाबरू नकोस, पिठातून हा रोग होत नाही. उगाच घासलंस एवढंच सांगायचं होतं.

दादाला मी काय लिहिलं ते त्याने तुला सांगितलं नसेल. थोडक्यात असं, की आपल्या घरात हाताला चटका न बसणं हा गुण नाही, रोग आहे. गुंडीला तो असेल तर वेळ घालवून चालणार नाही. तुला माझ्याबद्दल काहीही वाटो, पण नऊ वर्षं तिला जेवू तू घातलंस, तिचे केस तू विंचरलेस. म्हणून एवढं कर.

बिस्किटांवर अंडं फासायला तुम्ही पीस वापरता ना, त्यातलं एक धुऊन घे. गुंडीचे डोळे रुमालाने बांध. तळहातावर, बोटांच्या टोकांवर, कोपराशी, तळपायावर पीस हलकेच टेकव आणि प्रत्येक वेळी तिला जागा दाखवायला सांग. जिथे टेकवलं नाहीस तिथेही मधूनच विचार, म्हणजे अंदाजाने सांगत असेल तर कळेल. मग दोन वाट्यांत पाणी घे, एक कोमट, एक गार. बोटं बुडवून कोणतं कोणतं ते सांगू दे. खेळ आहे म्हणून सांग. आणि तुझं तोंड जरा हसरं ठेव, नाहीतर पोर आधीच घाबरेल. तुला ते जमत नाही हे मला ठाऊक आहे, तरी प्रयत्न कर.

१९ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा डॉक्टरीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

तू ‘वन्सं’ लिहिलंस. तेही पाचही वेळा वाचलं.

म्हणजे गुंडीने प्रत्येक जागा बरोबर दाखवली. करंगळीच्या टोकावर पीस टेकलं तेव्हा “आई, गुदगुल्या होतात” म्हणून हात ओढून घेतला. गार कोणतं, कोमट कोणतं, एकदाही चुकली नाही. मी इथे नाचले म्हणून सांगितलं तर तुला खोटं वाटेल. पायाची दोन बोटं नसताना जेवढं नाचता येतं तेवढं नाचले.

आणि मग तुझ्या पत्राचा दुसरा भाग. तिला सगळं कळतं, तर ती पत्रा कशी धरते? तू तिचे तळवे उजेडात नेऊन बघितलेस आणि पिठाखाली फोड निघाले. जुने, नवे, फुटलेले. ती रोज हातांना पीठ चोळून ते झाकायची. पत्रा धरला की गालाचं आतलं मांस दातांत पकडायची. तू विचारलंस तर म्हणाली, “बाबांना सांगू नकोस. मला चटका बसतो हे कळलं तर ते म्हणतील मी आपल्यातली नाही.”

वहिनी, हे वाचून तू रडलीस म्हणतेस. चांगलं केलंस. मी रडले नाही, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांची निरोगी पोर आम्हा रोग्यांत शोभावी म्हणून स्वतःचे हात भाजून घेते, आणि घरातला कर्ता पुरुष मागे उभा राहून फोटो काढून घेतो!

तुझं तिसरं पान वाचून मात्र तुला मानलं. दुपारी दादा झोपला असताना तू तेच पीस त्याच्या तळव्यावर फिरवलंस. मग टाचणी घेतलीस. ‘रक्ताचा थेंब आला वन्सं, आणि हे आपले घोरतच होते.’ इतकी वर्षं मी तुला फक्त पायऱ्या घासणारी बाई समजत आले. मी चुकले. थोडीशी. गादीबद्दलचा राग अजून आहे.

त्याला तू काही सांगू नकोस, मी सांगते. गुंडीच्या हातांना मलम आणि स्वच्छ पट्टी. भट्टीजवळ तिला फिरकू देऊ नकोस. तो ओरडला तर टाचणी दाखव.

२० एप्रिल

दादास,

हे पत्र वाचण्याआधी उजवा तळवा बघ. अंगठ्याच्या खाली टाचणीचं भोक आहे. अलीकडेच एका दुपारी तुझ्या बायकोने टोचलं आणि तुझी झोप मोडली नाही. माझं खोटं वाटत असेल तर दुसरी टाचणी तुझ्याच हाताने घे.

गुंडीला काही झालेलं नाही. जे आहे ते तुला आहे. तिला चटका बसतो, माणसाला बसतो तसाच. पण तुझ्या शाबासकीसाठी ती फोड लपवत होती. तुला दिसले नाहीत. मुलीचे हात हातात घेऊन बघावेत एवढाही वेळ तुला नव्हता, आणि घेतले असतेस तरी त्या हातांना काय कळणार होतं म्हणा.

आता तुझं काय करायचं? इथे नवा नियम आहे. जो स्वतःहून तपासायला येतो त्याला बाहेरच्या दवाखान्यात गोळ्या देतात आणि संध्याकाळी घरी पाठवतात. ज्याच्याबद्दल दुसरं कुणी कळवतं त्याच्याकडे अजूनही तीच बिनखिडकीची गाडी जाते. तक्रारीचा कोरा कागद माझ्यासमोर आहे. तुझ्यासारखं वर चढत जाणारं अक्षर मलाही काढता येतं.

मी तो भरणार नाही. हुरळून जाऊ नकोस, यात क्षमा वगैरे काही नाही. तुला वस्तीत आणलं तर तू माझ्या शेजारच्या खोलीत राहशील, आणि सकाळ-संध्याकाळ तुझं तोंड बघण्याइतकं पाप मी केलेलं नाही. शिवाय गाडी दारात आली की बेकरी गेली, आणि बेकरी गेली की माझी मुलगी उपाशी. तेव्हा मुकाट्याने मंगळवारी सकाळी ये. मंगळवार हा बाहेरच्यांचा दिवस. गुंडीलाही सोबत आण, एकदा डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांखालून जाऊ दे. या महिन्याचे आणि पुढच्या महिन्याचे मंगळवार मी मोजणार आहे. ते संपले तर कागद भरीन, मग शेजार तर शेजार.

८ जून

दादास,

आलास. शेवटच्या मंगळवारी का होईना, आलास.

औषधाच्या खिडकीच्या जाळीमागे मी उभी होते. तू कॉलर वर करून, टोपी भुवयांवर ओढून रांगेत उभा होतास, मे महिन्याच्या उन्हात. चोरसुद्धा जरा बरा वेष करतात. नाव विचारलं तर तू समोरच्या न्हाव्याचं नाव सांगितलंस! त्या बिचाऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं? डॉक्टरीणबाईंनी तेच लिहून घेतलं. आता दर महिन्याला तुला न्हावी होऊन गोळ्या घ्याव्या लागणार.

त्यांनी तुला रोगाचं नाव सांगितलं तेव्हा तू म्हणालास, “पण चटका न बसणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे.” त्या म्हणाल्या, “हे वाक्य मी या खोलीत एकदा ऐकलंय.” मला हसू यायला हवं होतं. नऊ वर्षं मी या दिवसाची वाट बघितली, मनात हसून घेतलं होतं. पण तू कोट काढलास आणि तुझं मनगट अगदी अप्पांच्या मनगटासारखं दिसलं, आणि मी जाळीला डोकं टेकून रडले. हे तुला कळवायचं नव्हतं.

गुंडी बाकावर बसून पाय हलवत होती. केवढी उंच झाली आहे. तिला काही नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तोंडाने सांगितलं तेव्हा मी जाळीमागेच होते. बाहेर आले नाही. तिने मला असं, तिथे, पहिल्यांदा बघू नये असं वाटलं.

आता तुझं कालचं पत्र. भट्टीपासून लांब राहायला सांगितलंय, मग काम कोण बघणार, असा तुझा टाहो. आणि मग तुझी ती सूचना. मी ‘काही दिवस’ यावं, ‘मागच्या दाराने’, आतच राहावं, पुढे दिसू नये.

तू सुधारणार नाहीस.

ऐक. माझ्या पेटीत गेली तीन वर्षं एक कागद पडून आहे. मी बरी झाले, माझ्यापासून कुणाला धोका नाही, कुठेही राहायला मोकळी आहे असा. तुला कळवलं नाही, कारण जिची पत्रंही न फोडता परत येतात तिने कुठल्या घरी जायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर धास्ती होती. एक भुवई गेली आहे, डाव्या हाताची दोन बोटं वाकली आहेत. मुलगी किंचाळली असती तर मला झेपलं नसतं. म्हणून इथल्याच भट्टीवर पाव भाजत राहिले. इथे आम्ही सगळे भित्रे. लांब दांड्याचं लाकडी फावडं, कोपरापर्यंत मोजे, आणि काम झालं की एकमेकांचे हात उजेडात तपासतो. तीन वर्षांत एकाचंही बोट भाजलेलं नाही.

मी येईन. गुरुवारी, सकाळी अकराला, दुकानात रांग असते तेव्हा. पुढच्या दाराने. तू गल्ल्यावरून उठशील आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणशील, “ही माझी बहीण. ही वारली नव्हती, मी खोटं सांगितलं.” बस, इतकंच. साडेतीन ओळींत बसतं, मी मोजून बघितलं. गिऱ्हाइकं पळाली तर पळू देत. उरतील त्यांना मी पाव देईन, आणि माझा पाव तुझ्यापेक्षा चांगला होतो हे अप्पाही म्हणायचे. तू तोंड उघडलं नाहीस तर मी उघडीन, आणि न्हाव्याचं नावही बाहेर येईल.

सोबतचं बंद पाकीट गुंडीचं आहे. ते वहिनीने द्यायचं. तू हात लावायचा नाहीस.

८ जून

गुंडी,

तू मला ओळखत नाहीस. घरातली एक आत्या वारली असं वर्तमानपत्रात आलं होतं ना, ती मी. मी वारलेली नाही, आणि तुझी आत्याही नाही. मी तुझी आई. तुला जिने वाढवलं तीही आईच, तिला तसंच म्हणत राहा. हे तुला कागदावरून कळतंय याबद्दल आम्हा सगळ्या मोठ्यांवर हवा तेवढा राग धर. माझ्यावरही.

तुझ्या हातांबद्दल मला कळलंय. आजोबांना, तू ज्यांना बाबा म्हणतेस त्या मामाला, मला काहीच जाणवत नव्हतं. आजारामुळे. म्हणून आम्ही पत्रा उचलायचो आणि लोक आम्हाला शूर म्हणायचे. तुला सगळं जाणवत होतं. तू आमच्यातली नाहीस अशी भीती तुला वाटली. बाळ, तू आमच्यासारखी नाहीस हीच या घरात पन्नास वर्षांत घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

गुरुवारी अकरा वाजता मी येते. माझा चेहरा एका बाजूने थोडा वेगळा आहे. बघून दचकावंसं वाटलं तर दचक, मला वाईट वाटलं तरी मी सांभाळीन. जवळ यायचं की नाही ते तू ठरव, त्याच दिवशी ठरवायला हवं असंही नाही.

तोवर भट्टीजवळ जायचं नाही. आणि चुकून कुठे हात भाजलाच, तर तोंड मिटून उभी राहू नकोस. असेल ते हातातून टाकून दे, पाव मातीत गेले तरी चालतील, आणि ओरड. अख्खी गल्ली धावत आली पाहिजे इतक्या जोरात ओरड. आपल्या घरात अजून कुणीच ओरडलेलं नाही.

तुझी आई